बत्तीस आणि बेचाळीस

प्रोसेसरचा वेग म्हणजे शेवटी एक गुणाकार असतो. शंभर मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि त्याला एक गुणक. गुणक ३२ असेल तर ३.२ गिगाहर्ट्झ, ४२ केला तर ४.२. बहुतेक प्रोसेसरमध्ये या गुणकाला कंपनीनेच कुलूप घातलेलं असतं. पेंटियम या नावाला वीस वर्षं झाली म्हणून २०१४ मध्ये जी३२५८ आला, त्याला ते कुलूप नव्हतं. दोन कोर, ७२ डॉलर किंमत, गुणक मोकळा. खिसा रिकामा पण गेम मोठे खेळायचे, अशा पोरांची दिवाळीच झाली. (पोरींचीही. आमच्या वर्गात मी एकटीच होते, पण होते.)

दादाने तो लॅमिंग्टन रोडवरून आणला, सोबत एच८१ चिपसेटचा स्वस्तातला मदरबोर्ड. यात एक मेख होती. गुणक वाढवायची अधिकृत सोय फक्त महागड्या झेड मालिकेच्या बोर्डांवर होती. पण बोर्ड बनवणाऱ्यांनी बायोसचं अपडेट काढून साध्या बोर्डांवरही तो दरवाजा उघडून दिला होता. अर्धं जग त्याच दाराने आत गेलं, त्यात आम्हीही.

जळगावचा मे महिना. दिवसा प्रोसेसरला हात लावायची सोय नाही, म्हणून दादा रात्री दोनला गच्चीवरून खाली यायचा आणि एकेक आकडा वाढवून बघायचा. अडतीस, चाळीस, बेचाळीस. त्रेचाळीसला मशीन मान टाकायचं. बेचाळीसला मात्र रात्रभर टेस्ट चालवली तरी हललं नाही. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि मशीन माझ्या आणि पप्पांच्या वाट्याला आलं. दिवसा त्यावर पप्पांच्या पाइप-फिटिंगच्या दुकानाची बिलं, रात्री दहानंतर मी आणि दादा ऑनलाइन. तो तिथून, मी इथून. आमचं बोलणं असं तेवढंच व्हायचं, गोळ्या चुकवता चुकवता.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाली आणि गेम अडखळायला लागला. दादाला फोन केला.

"बायोस काय म्हणतो?"

"बेचाळीस."

"आणि टास्क मॅनेजर?"

"बत्तीस."

"मग मध्ये कोणीतरी खोटं बोलतंय."

ओव्हरक्लॉक हरवला की लोक आधी बायोसवर संशय घेतात, आणि ते बरोबरच आहे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात. पण आमच्या तर जागच्या जागी होत्या. पॉवर प्लॅन पाहिला, तिथे प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्के. तापमान पाहिलं, थंडी सुरू झालेली, तापायचा प्रश्नच नव्हता. मग दादाने सांगितलं, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू कर. केलं. तिथे आकडा आला ४.२. म्हणजे प्रोसेसर ठीक, बोर्ड ठीक. जे काही होत होतं ते ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना होत होतं.

ते होतं मायक्रोकोड. प्रोसेसरच्या आत त्याला स्वतःची कामं कशी करायची हे सांगणारा एक बारीक प्रोग्राम असतो. तो कायमचा बदलता येत नाही. त्याच्यावर दुरुस्तीचं ठिगळ लावता येतं, पण वीज गेली की ते गळून पडतं. म्हणून दर वेळी मशीन सुरू होताना आधी बायोस आपल्याकडचं ठिगळ लावतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडे त्याहून नवं असेल तर ती त्याच्यावर आपलं लावते. या नव्या ठिगळाने साध्या बोर्डांवरचा तो दरवाजा बंद केला होता. काहींची मशीन तर नुसत्या लोगोवरच गोठत होती. आमचं निदान चालू तरी होत होतं.

उपाय सोपा होता. सिस्टिम फोल्डरमधल्या एका डीएलएल फाइलचं नाव बदलायचं आणि रीस्टार्ट करायचं. बेचाळीस परत. मोठ्या अपडेटनंतर फाइल पुन्हा हजर व्हायची, मी पुन्हा नाव बदलायचे. पोळ्या करताना तवा पुसावा तितकं ते सवयीचं झालं.

मग २०१८ चा जानेवारी आला आणि त्यासोबत मेल्टडाउन आणि स्पेक्टर. वेगासाठी प्रोसेसर पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवतो. त्या अंदाजांच्या खुणांवरून एक प्रोग्राम दुसऱ्याच्या मेमरीतली गुपितं काढू शकतो, असं उघड झालं. स्पेक्टरच्या एका प्रकारावरच्या उपायाला नवा मायक्रोकोड लागत होता. आमच्या पिढीच्या प्रोसेसरवर त्याची पहिली आवृत्ती इतकी धड नव्हती की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायची. त्याच महिन्यात ती वाटणं थांबवावं लागलं. पुढे नीट आवृत्ती आली. आली ती त्याच फाइलमधून.

दादा म्हणाला, "काढ ती फाइल. जळगावच्या पाइपवाल्यावर कोण हल्ला करणार आहे?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण आता त्या मशीनवर पप्पांचा जीएसटी भरला जात होता, नेट बँकिंग चालत होतं, आणि पप्पा येईल त्या लिंकवर विश्वासाने क्लिक करणाऱ्यांपैकी. मला राग वेगळ्याच गोष्टीचा होता. कंपनीने लावलेलं कुलूप आणि आपल्या घराची कडी, दोन्ही एकाच पाकिटात. कडी ठेवते, कुलूप परत न्या, असं सांगायची सोय नाही. आणि पाकीट उघडून आत काय आहे ते वाचायचीही नाही, कारण मायक्रोकोड एन्क्रिप्ट केलेला असतो. सुरक्षेच्या नावाखाली काहीही आणून टाकता येतं असं मी म्हणत नाही. पण नाकारता येत नाही अशा गोष्टीसोबत जे येतं, त्याचा हिशोब कोणी मागत नाही, एवढं खरं.

मी फाइल राहू दिली. दादाला मेसेज केला की आता मशीन बत्तीसवरच चालेल.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं: "ग्राफिक्स लो वर टाक. दहाला ये."