आठवड्याचा हिशेब

मंगरूळपीरला आमचे किराणा मालाचे छोटेसे दुकान आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेतून मी दहावी झालो, पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि प्रवेशपरीक्षा देऊन अमरावतीच्या एका महाविद्यालयात एम.बी.ए.ला प्रवेश मिळवला. घरात आनंदीआनंद झाला. अम्मीने विचारले, “यात काय शिकवतात?”

“व्यापार नीट कसा चालवावा, ते,” मी ऐटीत सांगितले.

अब्बा तराजू पुसत होते. ते हसून म्हणाले, “मग तीस वर्षे मी काय करीत होतो?”

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे आमच्याकडची पुष्कळ मुले पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीची वाट धरतात. एम.बी.ए.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. ही दोन वर्षे कशी गेली असे कोणी विचारले, की मला दिवस आठवत नाहीत, आठवडे आठवतात.

सोमवारी पहाटे अम्मीने दिलेला डबा घेऊन मी एस.टी.त बसायचा. कारंजा मागे पडेपर्यंत झोप, मग पुस्तक. वर्गात पोहोचलो की दिवसभर तास : विपणन, वित्त, मनुष्यबळ, संख्याशास्त्र. पुस्तके इंग्रजी, मित्रांचे बोलणे मराठी आणि माझ्या मनातले विचार उर्दूत! सुरुवातीला मी “माझी पुस्तक कुठे आहे?” असे म्हणत असे. ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘पुस्तक’ही स्त्रीलिंगीच असणार, असे मला वाटे. मित्र हसत, पण चूक सुधारूनही देत. मी हसण्याकडे दुर्लक्ष केले आणि सुधारणा वहीत लिहून ठेवली.

मंगळवारी आणि बुधवारी गटाने अभ्यास चाले. एखाद्या उद्योगाचे खरे उदाहरण हाती दिले जाई. तो का वाढला, का बुडाला, आपण असतो तर काय केले असते, यावर रात्री उशिरापर्यंत वसतिगृहात वाद रंगे. गुरुवारची संध्याकाळ ग्रंथालयात जाई. शुक्रवारी सर्वांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडायचे. पहिल्या शुक्रवारी माझे पाय लटपटले होते. शनिवारी दुपारी तास संपले, की मी पुन्हा एस.टी.त.

रविवार मात्र दुकानाचा. तेव्हा मंगरूळपीरचे शेतकरी सामानाला येत आणि मी गल्ल्यावर बसे.

दुसऱ्या वर्षी वित्ताच्या सरांनी काम दिले : एका लहान व्यवसायाच्या खेळत्या भांडवलाचा अभ्यास करा. मी आमचेच दुकान निवडले. दोन रविवार बसून अब्बांची जुनी वही उतरवली. बेरीज पाहून मी दचकलो. एक लाख ऐंशी हजार रुपयांची उधारी! माल आणायला अब्बा स्वतः कर्ज काढत होते आणि आपला पैसा मात्र लोकांकडे पडून होता.

मी अब्बांना न विचारता एक पाटी रंगवली, ‘आज रोख, उद्या उधार’, आणि ती दुकानासमोर टांगली.

थोड्या वेळाने एक म्हातारे शेतकरी आले. वीस वर्षांपासूनचे आमचे गिऱ्हाईक. त्यांनी पाटी वाचली, हातातली पिशवी हळूच घडी केली आणि काही न बोलता ते परत फिरले.

अब्बांनी ते आतून पाहिले. ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी पाटी काढली आणि म्हणाले, “बेटा, सोयाबीन अजून शेतात उभे आहे. पीक निघाल्याशिवाय ते पैसे कोठून आणणार?” मग साखर, तेल आणि चहापत्ती बांधून ते स्वतः त्या शेतकऱ्याच्या घरी गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी बेरीज बरोबर होती. पण त्या बेरजेत पाऊस नव्हता, पेरणी नव्हती, सुगी नव्हती. मला वर्गातले एक उदाहरण आठवले. बांगलादेशातील मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावातील ४२ गरिबांना एकूण २७ डॉलर उसने दिले होते. तारण काहीच नव्हते. त्यातूनच पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली दोघांनाही शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात मी त्यावर छान बोललो होतो. आमच्या दुकानात तेच घडत होते, ते मात्र मला दिसले नव्हते.

तरीही वहीतली काही नावे मला खटकत होती. पुढच्या रविवारी मी अब्बांना ती दाखवली. सहा जणांनी तीन वर्षांत एक रुपयाही दिला नव्हता. त्यांपैकी चौघांची शेती नव्हती, महिन्याचा पगार होता. अब्बा गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मागायला लाज वाटते.”

मग आम्ही दोघांनी मिळून नवी वही केली. प्रत्येकाला वेगळे पान, उधारीची मर्यादा आणि परतफेडीची वेळ. सोयाबीनवाल्यांना दिवाळी, तूरवाल्यांना त्यानंतरची सुगी, पगारदारांना महिन्याची दहा तारीख. त्या सहा जणांकडे मी गेलो. तिघांनी हप्ते सुरू केले. बाकीच्यांचे पैसे अजूनही आलेले नाहीत.

दिवाळीनंतरच्या रविवारी ते म्हातारे शेतकरी आले. सोयाबीन विकले गेले होते. त्यांनी सगळी रक्कम मोजून ठेवली. मी मान खाली घालून म्हणालो, “काका, पाटी मी लावली होती. माफ करा.”

ते म्हणाले, “शिकून राह्यला ना बाबू? मंग चुकशीनच.”

त्या शुक्रवारी मी वर्गात आकडे मांडले आणि पाटीची गोष्टही सांगितली, मराठीत. पाय लटपटले नाहीत.

सोमवारी पहाटे अब्बा मला बसपर्यंत पोहोचवायला आले. म्हणाले, “या आठवड्यात काय शिकवतील, ते येऊन मला सांग. मी पण तुला सांगीन.”