पेलेच्या खाली दिसणारा माणूस

प्रिय भाच्या,

तू पाठवलेला फोटो पाहिला. २१ जून १९७०, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना. रिव्हेलिनोचा डावीकडून आलेला उंच क्रॉस, त्यावर झेपावलेला पेले आणि उंचीत कमी पडलेला निळ्या जर्सीतला इटालियन. ‘हा बिचारा कोण?’ असं तू विचारलंस. तो तार्चिझिओ बुर्ग्निच. त्याला बिचारा म्हणू नकोस. तू डिफेन्सला खेळतोस, तेव्हा त्याची नीट ओळख तुला असायलाच हवी.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउलीतल्या रुदा गावी १९३९ साली त्याचा जन्म झाला. युव्हेंटसने एक हंगाम खेळवून त्याला सोडून दिलं. पालेर्मोत एक वर्ष काढून १९६२ला तो इंटर मिलानकडे आला आणि बारा वर्षं तिथेच राहिला. चार लीग विजेतेपदं, १९६४ आणि १९६५चे युरोपियन कप त्याने तिथेच मिळवले. प्रतिस्पर्धी त्याच्यावर आदळून पडायचे, म्हणून कप्तान पिक्कीने त्याचं नाव ‘खडक’ ठेवलं होतं.

पण नुसत्या ताकदीने हे जमत नाही. प्रशिक्षक एलेनियो हेरेराच्या त्या संघात डावा बॅक फाकेत्ती धडाधड पुढे जायचा, गोल करायचा. त्याचं कौतुक व्हायचं आणि ते रास्तच होतं. मात्र एक बॅक पुढे गेला की दुसऱ्याला मागे थांबावंच लागतं. बुर्ग्निच थांबला. समोरच्या संघातला सगळ्यात धोकादायक माणूस त्याच्या वाट्याला यायचा आणि नव्वद मिनिटं त्याची पाठ सोडायची नाही, एवढंच त्याचं काम असायचं. माझ्या मते फुटबॉलमध्ये याहून एकाकी काम नाही. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतानाही तुझी नजर एकाच माणसावर खिळलेली, आणि सगळं चोख केलंस तर तुझ्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

आता त्या फोटोच्या चार दिवस आधीचं सांगतो. याच मैदानावर, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर, पश्चिम जर्मनीविरुद्ध उपांत्य सामना झाला. शेवटच्या क्षणी जर्मनीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत म्युलरने त्यांना पुढे नेलं. इटलीचा डाव संपल्यासारखाच होता. ९८व्या मिनिटाला रिव्हेराने फ्री किक घेतली, जर्मनांना चेंडू नीट बाहेर काढता आला नाही आणि तो पडला बुर्ग्निचच्या पायाशी. आयुष्यभर गोल अडवणाऱ्या या माणसाने जवळून चेंडू जाळ्यात मारला. २-२! पुढे ४-३ने इटली जिंकली. त्या गोलाशिवाय इटली अंतिम सामन्याला पोचलीच नसती. रिव्हेराचा विजयी गोल सगळ्यांना पाठ असतो, बुर्ग्निचच्या या गोलाची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्राझीलने त्याच दिवशी आपला उपांत्य सामना नव्वद मिनिटांत उरकला होता. इटली मात्र १२० मिनिटं खेळली होती. थकलेल्या त्या पायांनी बुर्ग्निच अंतिम सामन्यात ब्राझीलच्या पेलेसमोर उभा राहिला. अठराव्या मिनिटाला पेलेने त्याच्या डोक्यावरून हेडर मारला. पुढे जैर्झिन्यो आणि कार्लोस आल्बेर्तो यांच्या गोलांसाठी चेंडूही पेलेनेच दिला. इटली ४-१ने हरली. पेलेही आपल्यासारखा हाडामांसाचाच आहे असं आपण स्वतःला बजावलं होतं, पण ते चुकलं, असं बुर्ग्निचने पुढे सांगितलं. दमलो होतो, उंची जास्त होती, अशी कारणं त्याला देता आली असती. त्याने सरळ समोरच्याचं मोठेपण कबूल केलं, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हा माणूस मला फार आवडतो.

नंतर वय वाढलं तसा तो सगळ्यांच्या मागे लिबेरो म्हणून खेळू लागला. १९७४ला इंटर सोडून नेपल्सच्या संघात गेला आणि १९७६ला त्या संघाबरोबर इटालियन कप जिंकला. २०२१च्या मे महिन्यात तो गेला.

जर्मनीविरुद्धच्या त्या सामन्याचं चित्रण मिळतं. सुट्टीत पूर्ण बघ, नुसते गोल बघू नकोस. इटलीचा दोन नंबर, त्याच्यावरच नजर ठेव. चेंडू लांब असताना तो कुठे उभा असतो ते बघ आणि मला कळव.

तुझा,
मामा