ओट्याखाली, सोफ्यामागे
आमच्या लहानपणी बदलापूरच्या सोनिवलीत कुत्रं कुणी आणत नसे, ते यायचं. भाताची झोडणी चालू असली की कुठूनसं एखादं पिल्लू बैलगाडीमागे चालत घरापर्यंत यायचं, ओट्याखालच्या गोणपाटावर अंगाचं मुटकुळं करून झोपायचं, आणि चार दिवसांत त्याला मोत्या नाहीतर वाघ्या म्हणून हाक पडायची. सकाळी एका घरची शिळी भाकरी, दुपारी दुसरीकडची पेज, रात्री कुणाच्या तरी दारात बोंबलाची डोकी. कुणाचं कुत्रं, असं विचारलं तर आळीचं, एवढंच उत्तर होतं.

आता त्याच खाचरांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत कुत्रं येतं ते अर्ज भरून. शेल्टरची माणसं आधी घर बघून जातात. खिडक्यांना जाळी आहे का, दिवसा घरात कोण असतं, सगळ्यांची संमती आहे का, हे विचारतात. मग लस टोचलेली, नसबंदी झालेली, कानाला छोटा काप असलेली एखादी गावठी कुत्री गाडीतून उतरते आणि थेट सोफ्यामागे जाऊन बसते. लिफ्टचं दार वाजलं की थरथरते. कुकरची शिट्टी झाली की जागेवरच मुतते. घरातली पोरं हिरमुसतात, कारण त्यांना खेळायला कुत्रा हवा होता.

शेल्टरवाले तेव्हा समजावून सांगतात. तिला ओढून बाहेर काढू नका. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, वरून डोक्यावर हात नेऊ नका. थोड्या अंतरावर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा, आपलं काम करत राहा, मधूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्या बाजूला टाका. बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना दोरी बांधा; कारण घाबरून सुटलेलं कुत्रं घरच्यांच्या हाकेलाही थांबत नाही. महिने लागतील.

हे ऐकताना आमच्या पिढीला ओटा आठवतो. संध्याकाळी तिथे आजोबा तंबाखू मळत बसायचे, आजी तांदूळ निवडायची, आणि पायरीखाली कुत्रं पडलेलं असायचं. त्याच्याकडे कुणी बघत नसे, त्याच्याकडून कुणाला काही नको असे. परड्यात टाकलेला तुकडा ते आपल्या सवडीनं उचलायचं. तव्यावरची शेवटची भाकरी मुद्दाम लहान थापलेली असायची. गाईचा घास आधी, कुत्र्याची चतकोर शेवटी. ती घेऊन आई अंधारात 'यूऽ यूऽ' करायची, आणि ती हाक ऐकल्याशिवाय जेवणं झाल्यासारखं वाटत नसे. आता पोळ्या मोजून होतात, आणि कुत्र्याचा खाऊ पिशवीतून वाटीत पडतो. त्याच्या पोटाला तो जास्त मानवतो, हे खरंच आहे.

पण आमची ही आठवण तपासून घ्यायला हवी. आम्हाला आठवतात ते मोत्या आणि वाघ्या, म्हणजे धीट कुत्री. भित्र्या कुत्र्यांचं काय झालं? ती गावाबाहेर राहिली, सगळ्यांच्या नंतर उष्टं चाटत जगली, पोरांनी त्यांना दगड मारले, दिवाळीत शेपटीला फटाके बांधले. नको असलेली पिल्लं गोणीत भरून नदीपलीकडे सोडली जात. मुंबईत तर १९९४ पर्यंत पालिका कुत्र्यांना विजेचा झटका देऊन मारत होती. ठार करण्याऐवजी नसबंदी आणि लस हा नियम देशभर आला तो २००१ मध्ये. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लशीची. आज दंडात चार-पाच टोचून भागतं. आणि २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली तेव्हा माणसं माळ्यावर चढली, गुरांची दावी सोडली गेली. आळीच्या कुत्र्यांना वर घेणं कुणाचं काम होतं? जे सगळ्यांचं होतं, ते त्या दिवशी कुणाचंच नव्हतं.

सोफ्यामागच्या कुत्रीला आज एक घर आहे, लशीच्या कार्डावर तिचं नाव आहे, पाणी चढलं तर तिला उचलणारे हात ठरलेले आहेत. याच्यापुढे आमचा ओटा काहीच नाही, असं मी मानतो. तरीही तो गेल्याचं दुःख होतं. कारण ती कुत्री त्या घरातल्या चार माणसांनाच ओळखते. जिन्यातला प्रत्येक पाय तिला परका आहे, आणि जिन्यातल्या माणसांनाही ती परकी. तिला धीर द्यायला एखादं शांत, वयस्क कुत्रं लागतं. ते पूर्वी आळीत असायचंच. आता गेटवरचा वॉचमन त्याला हाड करतो.

सोनिवलीतली आमच्या वयाची माणसं अजून आहेत. ओटे पडले, म्हणून ती संध्याकाळी सोसायटीच्या बाकांवर बसतात. अशी कुत्री घरी आणलेल्या तरुण मंडळींना माझं सांगणं आहे की तिला तिथे घेऊन जा. आधी लांबूनच, मग रोज थोडं जवळ. बाकावरच्या म्हाताऱ्यांना तेवढं बिस्किट देऊ नका म्हणून बजावा. बाकी कसं बसायचं, ते त्यांना शिकवावं लागणार नाही.