भाडेकरू मालक

परवा पुतण्याचा पुण्याहून फोन आला होता. "काका, बाणेरला एक भारी पब उघडलाय, तुम्ही आलात की नेतो." मी हो म्हटलं खरं, पण मागच्या खेपेला त्यानं मला असंच एका पबमध्ये नेलं होतं ते आठवलं. दारात दोन पैलवान, आत मिट्ट काळोख, आणि गाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याला काय हवंय ते मोबाइलवर लिहून विचारावं लागत होतं. वेटर भला माणूस होता. पण "मालक कुठे असतात?" असं विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं.

माझ्या डोक्यातला पब वेगळा आहे. तो बर्मिंगहॅममध्ये आहे, म्हणजे होता, आणि तिथे मालक जागेवर नाहीत असं मी कधी पाहिलं नाही. (घरची वडीलधारी मंडळी हे वाचतात याची कल्पना आहे. मावशी, पुढे अण्णाही येणार आहेत, तेव्हा आधी शेवटपर्यंत वाच आणि मग रागाव.)

१९९४ च्या ऑक्टोबरात मी बर्मिंगहॅमला गेलो, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. राहायला एक खोली आणि खोलीत नाण्यावर चालणारा हीटर. नाणं टाकलं की ऊब सुरू, नाणं संपलं की थंडी सुरू. डिसेंबरात तर दुपारी चारलाच अंधार पडायला लागला. कारखाना सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचं कारण नसे. रविवारी घरी फोन करायचा तो घड्याळाकडे बघत, आणि त्यात सगळं "मजेत आहे" एवढंच सांगायचं.

आमच्या कारखान्यात एक सरदारजी फोरमन होते, साठीला आलेले. एका शुक्रवारी संध्याकाळी मला म्हणाले, "चल पुत्तर, तुला गॅफरकडे नेतो." बर्मिंगहॅमकडे साहेबाला, मुकादमाला, पबवाल्याला, सगळ्यांनाच गॅफर म्हणतात. डिगबेथ हा तिथला जुना भाग. तिथल्या ओल्ड क्राउन या लाकडी सांगाड्याच्या पबवर १३६८ साल लिहिलेलं आहे. (इमारत एवढी जुनी नाही असं जाणकार म्हणतात, पण पाटी कोण बदलतो!) आमचा पब असा कुणी फोटो काढावा असा नव्हता. मागच्या गल्लीत, कोपऱ्यावर, लाल विटांचा. आत दोन खोल्या. एक साधा 'बार', लाकडी बाकांचा. दुसरी 'स्मोक रूम', तिथे गादीची बाकं. आणि दोन्हींच्या मध्ये, दोन्हीकडे लक्ष ठेवता येईल अशा जागी, गॅफर.

गॅफर आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातले. सतराव्या वर्षी इमारतींच्या कामावर मजूर म्हणून आले आणि १९७६ पासून हा पब चालवत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, तीनदा चुकीचं म्हटलं आणि चौथ्यांदा बरोबर म्हटलं. माझ्या सुपरवायझरला ते चार वर्षांत जमलं नाही.

तिथले कायदे हळूहळू कळले. काउंटरवर रांग नसते, पण कोण कोणाच्या आधी आलं ते गॅफरच्या डोक्यात पक्कं असतं. टोळक्यात बसलात तर फक्त स्वतःसाठी आणायचं नाही, पाळीपाळीनं सगळ्यांसाठी आणायचं. गॅफरना टीप द्यायची नाही, तो अपमान. त्याऐवजी "तुमच्यासाठीही एक घ्या" म्हणायचं. रात्री अकराला पाच-दहा मिनिटं असताना घंटा, अकराला दुसरी घंटा, आणि मग ग्लास संपवायला वीस मिनिटं. मी एक पाइंट माइल्ड घेऊन दोन तास बसायचो. माइल्ड म्हणजे काळसर, हलकी बिअर, कामगारांची. दोन तासांत एका पाइंटवर गॅफरना माझ्याकडून काय सुटत असेल ते उघड आहे, पण कधी कुणी उठवलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मी तापानं चार दिवस पडून होतो. पाचव्या दिवशी सरदारजी दारात हजर, हातात टोमॅटो सूपचे दोन डबे. "गॅफर विचारत होता, तुमचा मुलगा दिसला नाही. मिसेसनं मटणाचं सूप केलं होतं, पण गॅफरला आठवलं की तू खात नाहीस." त्या परक्या शहरात आपण दिसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हे मला त्या दोन डब्यांनी सांगितलं.

हे सगळं मी एकदा भारावून सरदारजींना बोलून दाखवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, सगळे गॅफर असे नव्हते. साठच्या दशकात ते शेजारच्या स्मेदिकमध्ये राहायचे. तिथे कित्येक पबांत यांना स्मोक रूममध्ये बसू देत नसत, काही ठिकाणी तर दारातूनच परत. पबवाल्याला कारण न देता कुणालाही नकार द्यायचा हक्क होता, आणि तो असा वापरला जायचा. १२ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्स स्मेदिकला आले होते ते हे बघायला. त्याच वर्षाअखेर वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि रंगावरून दार बंद करणं बेकायदा ठरलं. पुढे गंमत अशी झाली की त्याच भागातले बरेचसे पब पंजाबी लोकांनीच चालवायला घेतले. आज तिथे बिअरबरोबर तंदुरी मिक्स्ड ग्रिलची चरचरणारी थाळी येते आणि गोरे लोक ती खायला लांबून येतात. "दार तेच असतं पुत्तर," सरदारजी म्हणाले, "आत कोण उभा आहे ते बघायचं."

आता अण्णा.

आमच्या अण्णांची नारायण पेठेत खानावळ होती, हे नातेवाइकांना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. तीस-पस्तीस विद्यार्थी महिन्याच्या बोलीवर जेवायचे. अण्णा आयुष्यात दारूच्या दुकानावरून चालत गेले तरी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये ते दीड महिना माझ्याकडे आले. पबचं मी चार वर्षांत घरी अवाक्षर काढलं नव्हतं. "शुक्रवारी कुठे असतोस?" असं विचारलं की "लायब्ररीत" म्हणायचो. तिसऱ्याच दिवशी अण्णांनी माझा कोट खुंटीला लावता लावता हुंगला आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या लायब्ररीत विड्या फार ओढतात वाटतं." (तेव्हा पबांत सिगारेटचा नुसता धूर असे. इंग्लंडमध्ये ती बंदी १ जुलै २००७ ला आली.)

खोटं बोलून झालं होतं, आता काय करणार? म्हटलं, "अण्णा, दाखवतोच तुम्हाला."

गुरुवारची दुपार, चारचा सुमार, पब जवळजवळ रिकामा. अण्णा दारातच थबकले. मला वाटलं झालं, आता परत फिरणार. पण ते चौकटीच्या वर रंगवलेलं नाव वाचत होते. त्या काळी परवानाधारकाचं नाव दारावर लिहिणं कायद्यानं सक्तीचं होतं.

"हे मालकांचं नाव?"

"नाही, चालवणाऱ्याचं. जागा कंपनीची आहे. हे भाड्यानं चालवतात."

"पण तू तर लँडलॉर्ड म्हणालास."

"इथे पब चालवणाऱ्याला लँडलॉर्डच म्हणतात."

अण्णा हसले. आमची खानावळही भाड्याच्याच वाड्यात होती, आणि अख्खी पेठ अण्णांना 'मालक' म्हणायची.

गॅफरनी काउंटरवरून हात पुढे केला. काय घेणार म्हणून विचारलं. मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी अण्णांनी स्वतःच इंग्रजीत सांगितलं, "नथिंग. ओन्ली सिटिंग." गॅफर जिन्याशी गेले आणि वर हाक मारली. पबवाल्याचं घर पबच्याच माडीवर असतं. पाच मिनिटांत मिसेस खाली आल्या, घरच्या कपबशीत चहा घेऊन, बशीत दोन बिस्किटं. अण्णांनी कप दोन्ही हातांनी घेतला. नंतर घरी मला म्हणाले, "दुकानात नाही ते घरातून आणून देतो, म्हणजे माणूस धंद्यातला आहे."

मग दोघांचं जे सुरू झालं ते मी दुभाषा म्हणून घामाघूम होईपर्यंत चाललं. अण्णांचा पहिला प्रश्न, उधारी किती बुडते? उधारीला तिथे 'स्लेट' म्हणतात, म्हणजे पाटीच. गॅफर म्हणाले, पुसून टाकण्यासाठीच पाटी असते. अण्णांचा दुसरा प्रश्न, पायांच्या शिरा फुगल्यात का? गॅफरनी विजारीचा पाय वर करून दाखवला. अण्णांनी धोतर सरकवून दाखवलं. मी इकडेतिकडे बघत राहिलो.

शेवटी गॅफर त्यांना तळघरात घेऊन गेले. तिथली बिअर पिंपात आल्यावरही जिवंत असते, आतलं यीस्ट काम करतच असतं. बारा अंशांच्या आसपास गारवा ठेवायचा, पिंप आडवं निजवायचं, लाकडी खुंटीनं हवा हळूहळू सोडायची, गाळ खाली बसायची वाट बघायची. आणि एकदा तोटी ठोकली की तीन दिवसांत पिंप संपलंच पाहिजे, नाहीतर फेकून द्या. अण्णा म्हणाले, "विरजणासारखंच की." मी भाषांतर केलं. गाळ बसवायला माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात असंही गॅफर म्हणाले. त्याचं मी भाषांतर केलं नाही.

निघताना अण्णांनी विचारलं, कुणी जास्त प्यायला लागला तर? गॅफर म्हणाले, "मी 'पुरे' म्हणतो. झिंगलेल्याला आणखी देणं इथे गुन्हाच आहे, पण कायदा नसता तरी म्हटलं असतं." अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. बसस्टॉपवर म्हणाले, "आमच्याकडे उलट. पोराला 'आणखी घे' म्हणावं लागतं. पण बघणं तेच." आणि मग, "शुक्रवारी जात जा. लायब्ररीत नको."

त्यानंतर दर फोनवर अण्णा विचारायचे, "मालक काय म्हणतात?" आणि गॅफर विचारायचे, "पुण्याचे गॅफर कसे आहेत?"

२००३ साली वाडा पाडला आणि खानावळ बंद झाली. पबचं दुखणं जास्त जुनं होतं. मोठ्या बिअर कंपन्यांच्या हातात फार पब आहेत म्हणून १९८९ मध्ये सरकारनं नियम केला. दोन हजारांहून जास्त पब असलेल्या कंपन्यांनी जादा पबांपैकी निम्मे बंधनातून मोकळे करायचे. हेतू चांगला होता. पण हजारो पब गेले ते बिअर न बनवणाऱ्या, नुसत्या जागा सांभाळणाऱ्या कंपन्यांकडे. भाडंही त्यांना द्यायचं आणि बिअरही त्यांच्याकडूनच, त्या म्हणतील त्या भावानं घ्यायची. भाडेकरूंना बाजारभावानं नुसतं भाडं देण्याचा पर्याय मोठ्या कंपन्यांपुरता का होईना मिळाला तो २०१६ मध्ये. गॅफरनी भाडं परवडेना म्हणून २००९ मध्येच किल्ल्या परत केल्या होत्या. तेहतीस वर्षं. माडी गेली म्हणजे घरही गेलं. शेवटच्या रात्री अकराची घंटा त्यांनी दिली नाही, मिसेसनी दिली. आता तिथे फ्लॅट्स आहेत.

अण्णांना मी हे सांगितलं नाही. वाडा पाडल्यापासून ते तसेही गप्प गप्प असायचे. "मालक काय म्हणतात?" "मजेत आहेत." असं दोन वर्षं चाललं.

२०११ च्या दिवाळीत पुण्याला गेलो. एका संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. अण्णा एकदम म्हणाले, "त्यांची जागा गेली ना रे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पूर्वी विचारलं की ते काय म्हणाले ते सांगायचास. हल्ली नुसतं 'मजेत आहेत' म्हणतोस."

तीस-पस्तीस पोरांच्या ताटांकडे बघत ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्यापुढे मी दोनदा खोटं बोललो आणि दोनदा पकडला गेलो. पुढच्याच वर्षी अण्णा गेले.

असो. पुतण्याच्या पबमध्ये जाईन म्हणतो. तो पोरगा हल्ली फोनवर काही विचारलं की "मजेत" एवढंच म्हणतो.