नावाची वही

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

वाचनालयाची वेबसाइट आज पुन्हा बंद पडली. महिनाभरातली तिसरी वेळ. होस्टिंगवाल्यांचा ठरलेला मेल आला: सर्व्हरवरची तुमची वापरमर्यादा संपली. दुपारी लॉगची फाइल उतरवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसलो. रात्री दोन ते पहाटे पाच, एका मिनिटात शेकडो मागण्या, आणि सगळ्या ग्रंथसूचीच्या शोधपानावर. लेखकानुसार, सालानुसार, मग चढत्या क्रमाने, मग उतरत्या. त्याच पुस्तकांची हजारो वेगवेगळी पानं. माणूस असं वाचत नाही. हे मजकूर गोळा करत फिरणारे बॉट आहेत.

ही सूची ग्रंथपालबाईंनी कार्डांवरून एकेक नोंद टंकून केली. सात वर्षं, रोज दुपारी दोन तास. ती चोरीला जाईल याची भीती नाही, ती सर्वांसाठीच आहे. पण तिच्यासाठी तालुक्यातल्या पोरीने मोबाइल उघडावा आणि तिला कोरं पान दिसावं, हे मला सहन होत नाही. मराठी भाषा गौरव दिनाला, २७ तारखेला, जुन्या दिवाळी अंकांची सूची खुली करायची आहे. एकोणीस दिवस हातात आहेत.

९ फेब्रुवारी

उपाय एकच दिसतो. आपला सर्व्हर आणि जग यांच्या मध्ये कुणीतरी राखणदार बसवायचा. क्लाउडफ्लेअर घ्यायचं ठरवतोय. मॅथ्यू प्रिन्स, मिशेल झॅटलिन आणि ली हॉलोवे या तिघांची ही कंपनी २००९ साली स्थापन झाली. लहान साइटसाठी तिची सेवा फुकट आहे. तिथे डोमेन जोडायचं म्हणजे पत्ता सांगण्याचं काम तिच्या नेमसर्व्हरांकडे सोपवायचं. मग येणारा प्रत्येकजण आधी तिच्या दाराशी जातो आणि ती गाळून आत सोडते.

दोन गोष्टी मनात खुपतात. एक, इतक्या साइटी एकाच दारातून जाणं चांगलं नाही. १८ नोव्हेंबर २०२५ ला त्या कंपनीत बिघाड झाला तेव्हा जगभरच्या मोठमोठ्या साइटी काही तास अडकल्या होत्या. पण आमच्यासारख्या वाचनालयाला क्वचित काही तास बंद राहणं चालेल, रोज रात्री पडणं चालणार नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मध्ये बसणारा माणूस पाकीट उघडून बघतो, त्याशिवाय त्याला गाळता येत नाही. आमच्या सभासदांनी कोणतं पुस्तक मागितलं हे त्याने का बघावं? कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट. म्हणून सभासदांचं लॉगिन वेगळ्या उपनावावर आहे तसंच ठेवायचं आणि ते या राखणदाराच्या मागे न घेता थेट सर्व्हरवर जाऊ द्यायचं. यात सर्व्हरचा खरा पत्ता उघडा राहतो, हे मला कळतं. कुणी ठरवून हल्ला केला तर ती फट आहे. पण आमच्यावर येणारे बॉट नावावरून येतात, आणि लॉगिनच्या आत त्यांना शिरता येत नाही. फट पत्करली.

११ फेब्रुवारी

नेमसर्व्हर बदलायचे तर डोमेन ज्याच्या खात्यावर आहे त्यानेच बदलायला हवेत. कुणाच्या खात्यावर? कार्यवाहांना माहीत नाही, ग्रंथपालबाईंना माहीत नाही. दप्तरात फक्त नूतनीकरणाच्या पावत्या. मग आठवलं. २०१४ साली माझ्याच वर्गातून गेलेल्या एका मुलाने हे सगळं उभं केलं होतं. आता पुण्यात नोकरीला आहे. फोन केला.

“सर, ते माझ्याच नावावर आहे अजून. दर वर्षी मीच भरतो की पैसे, पावती ग्रंथपालबाईंना पाठवतो.”

“अरे, बारा वर्षं?”

“जास्त नसतात सर. पण एक अडचण आहे. ओटीपी माझ्या कॉलेजच्या नंबरवर जातो आणि तो नंबर बंद झाला.”

माझ्या पोटात गोळा आला. सुदैवाने त्या खात्याचा मेल चालू आहे, त्याने ओळखपत्र दाखवून नंबर बदलून घेतला. पण तो परदेशी गेला असता, त्याचा मेल बंद पडला असता तर? वाचनालयाची जागा विश्वस्तांच्या नावावर आहे, तिचा उतारा लोखंडी कपाटात आहे. गावाबाहेर लोक वाचनालयाला ज्या नावाने ओळखतात ते मात्र एका मुलाच्या भलेपणावर टिकून होतं. त्याच्याविषयी मनात फक्त माया आहे. चूक आमची, आम्ही कधी विचारलंच नाही.

बोलता बोलता त्याने जुनी आठवण काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देवनागरीतलं ‘.भारत’ सुरू झालं होतं आणि आम्ही दोघे ते घ्यायच्या बेतात होतो. पण यंत्रणेच्या आत देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच फिरतं, आणि काही ठिकाणी तेच रूप लोकांना दिसायचं. कार्यवाह म्हणाले होते, हे आपलं नाव वाटत नाही. म्हणून ‘.इन’ घेतलं. आजही मला त्याची हळहळ वाटते.

१३ फेब्रुवारी

दोनशे पानी वही आणली. जुन्या जागी डोमेनच्या नावाखाली काय काय टांगलं आहे ते हाताने उतरवून घेतलं. एकूण चौदा नोंदी. साइटचा पत्ता, सभासद-लॉगिनचा पत्ता, मेल कुठे टाकायचा ती नोंद, आमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुणाला ते सांगणाऱ्या मजकुराच्या नोंदी, आणि काही जुन्या.

क्लाउडफ्लेअरने डोमेन जोडताना आपणहून शोध घेतला आणि तिला नऊच सापडल्या. पाच राहिल्या. त्यात मेलवरची सही पडताळणारी किल्ली होती आणि लॉगिनचं उपनावही. मुलाला विचारलं तर म्हणाला, डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, ‘तुझ्याकडे काय काय आहे’ असं सहसा विचारता येत नाही, अमुक नाव आहे का एवढंच विचारता येतं. मला लगेच पटलं. आमच्या वाचनालयातही वाचकाला कपाटांपर्यंत जाता येत नाही. खिडकीशी पुस्तकाचं नाव सांगा, बाई आणून देतील. नावच माहीत नसेल तर पुस्तक आत असून नसल्यासारखं. बाहेरच्याने केलेला शोध हा अंदाजच, खरी यादी जुन्या मालकाच्या वहीतूनच घ्यायची.

एके काळी सगळ्या जगाची अशी एकच वही होती. अर्पानेटवरच्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी एक फाइल पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी आजची पद्धत मांडली. जो तो आपल्या नावाखालची वही आपण सांभाळेल आणि वरचा फक्त सांगेल, ती वही कुणाकडे आहे. परवा मी बदलणार आहे ती ही वरची ओळ.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज नाही जमणार. वहीत नसलेली एक नोंद वरच्या पातळीवर सापडली. मुलाने कधीतरी डीएनएसला सही करण्याची सोय चालू केली होती. डॅन कामिन्स्की यांनी २००८ साली दाखवून दिलं की नावाला खोटा पत्ता चिकटवता येतो. त्याविषयी वाचून त्याने हे केलं होतं. काम चांगलंच केलं होतं. पण जुन्या सहीची खूण वर तशीच ठेवून नेमसर्व्हर बदलले असते, तर नव्या उत्तरांवर ती सही जुळली नसती आणि पडताळणी करणाऱ्यांना साइट दिसेनाशी झाली असती. ती खूण आज काढली. दोन दिवस थांबायचं. नव्या जागी ही सोय परत चालू करणार, तसं वहीत लाल शाईने लिहिलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री दहाला मुलगा फोनवर, मी पडद्यासमोर. क्लाउडफ्लेअरने दोन नेमसर्व्हर दिले आहेत, दोन्हींची नावं माणसांच्या नावांसारखी. जुने काढून ते घातले. जुन्या जागच्या नोंदी पुसल्या नाहीत. एक-दोन दिवस काही लोक जुन्या वहीला विचारतील, काही नव्या. दोन्हीकडे एकच उत्तर असलं की कुणाचं अडत नाही. पावणेबाराला मेल आला, डोमेन जोडलं गेलं.

१८ फेब्रुवारी

सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन. “सर, पान फिरतंय नुसतं, उघडत नाही.”

चूक माझी. सुरक्षित जोडणीच्या प्रकारांत मी ‘फ्लेक्सिबल’ निवडलं होतं, नाव सोयीचं वाटलं म्हणून. त्यात वाचकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंतचा रस्ता कुलूपबंद असतो आणि तिथून आमच्या सर्व्हरपर्यंतचा उघडा. आमचा सर्व्हर उघड्या वाटेने येणाऱ्याला म्हणतो, कुलूपबंद वाटेने ये. ती परत तशीच येते. हेच गोल गोल. पान उघडलं नाही हे बरंच झालं. उघडलं असतं तर अर्धा रस्ता उघडा असूनही वाचकाला कुलपाचं चित्र दिसलं असतं. ही लोकांची फसवणूक झाली असती, आणि ती मी केली असती. आमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र वैध आहे याची खात्री केली आणि ‘फुल स्ट्रिक्ट’ लावलं. पाच मिनिटांत सुरळीत.

२० फेब्रुवारी

दोन दिवस एकही मेल नाही, असं बाई सहज म्हणाल्या आणि मी ताडकन उठलो. प्रत्येक नोंदीपुढे एक ढग असतो. नारिंगी म्हणजे राखणदाराच्या मागे, करडा म्हणजे थेट. मेलच्या यंत्राच्या नोंदीवर नारिंगी राहिला होता. हा राखणदार वेबची मागणी ओळखतो, टपाल घेत नाही. ढग करडा केला. मेल पाठवणारी यंत्रं पहिल्या अपयशावर थांबत नाहीत, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येतात. रात्रीपर्यंत अडकलेले सगळे मेल आले. त्यात एका वाचकाने आजोबांकडच्या जुन्या अंकांची यादी पाठवली आहे!

२२ फेब्रुवारी

आज नियम लावले. ज्या शोधपानांवर बॉट तुटून पडतात तेवढ्यांवरच तपासणी. पुस्तकाच्या साध्या पानावर काही नाही. आमचे एक सभासद अंध आहेत, मोबाइल वाचून दाखवतो त्यावर ते सूची ऐकतात. त्यांना बोलावून तपासणी पार करता येते का ते पाहिलं. पहिल्यांदा अडखळले, दुसऱ्यांदा गेले. ते गेले नसते तर मी नियम काढून टाकला असता.

कॉलेजातली पोरंही अडली. तिथली सगळी यंत्रं बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात, म्हणून तीस पोरं एकदम शोधायला लागली की ती बॉटची झुंडच वाटते. त्या पत्त्याला सूट दिली.

२४ फेब्रुवारी

तीन रात्री साइट उभी आहे. लॉग हलका झालाय. उत्तर कुठून आलं ते बघायची एक युक्ती मुलाने सांगितली. क्लाउडफ्लेअर आपल्या ठिकाणांना विमानतळांची संक्षिप्त नावं देते. बघितलं तर बीओएम, आपली मुंबई. महाशिवरात्रीला काढलेली सही आज नव्या जागी परत लावली. लाल शाईच्या ओळीवर खूण केली.

२७ फेब्रुवारी

सूची खुली झाली. दुपारपर्यंत जुन्या अंकांसाठी अकरा चिठ्ठ्या खिडकीशी आल्या.

मुलगा पुण्याहून आला होता. डोमेन त्याच्या खात्यातून वाचनालयाच्या खात्यात गेलं. ओटीपी आता कार्यालयातल्या फोनवर येईल, आणि पर्यायी मेल कार्यवाहांचा. बारा वर्षांचे पैसे घे म्हटलं तर घेईना. कार्यवाहांनी त्याचं नाव आजीव सभासदांत घातलं.

वही बाईंच्या हातात दिली. चौदा नोंदी, कुठला ढग कुठल्या रंगाचा, नूतनीकरणाची तारीख, काय बिघडलं आणि कशाने सुधारलं. पासवर्ड त्यात नाहीत, ते सीलबंद पाकिटात कपाटात आहेत. बाईंनी वही चाळली, चष्मा सावरला, दाखलनोंदीचं रजिस्टर उघडून तिला पुढचा क्रमांक दिला. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारला आणि खाली लिहिलं: बाहेर देऊ नये.