ही पाळीच कशावरून?

चि. सौ. मृणाल हिस,


तुझा मेसेज सावकाश वाचला. छोटी आठ महिन्यांची झाली, तू पस्तिशी गाठलीस, म्हणून दुसऱ्याची घाई. ती समजते मला. पण चार दिवस तपकिरी डाग, मग आठवडाभर कोरडं आणि पुन्हा दोन दिवस लालभडक, हे काही मला आवडलं नाही. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, गुलकंद खा. खा की, चांगलाच लागतो! फक्त त्याच्या भरवशावर राहू नकोस.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. लेकुरवाळीच्या अंगावरून काहीही गेलं की घरचे ते बिनधास्त पाळीच्या खात्यात टाकतात. ही पाळीच कशावरून, असं कोणी विचारत नाही. तू दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करते आहेस, तेव्हा पहिला प्रश्न तोच.

अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहणार नाहीत, या समजात राहू नकोस. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, निव्वळ आईच्या दुधावर आणि आईला पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दुधाचा तो आधार असतो. तुझी तर आता वरणभात खाते. शिवाय बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आतच दिवस राहू शकतात, आणि मग दिसलेलं रक्त पाळीचं नसून गर्भाला धोका असल्याचं असू शकतं. गर्भ नळीत राहिला असेल तरी असेच डाग दिसतात.

म्हणून उद्या सकाळी उठल्याउठल्या पहिली लघवी घेऊन किटवर तपास. आशाताईकडे ‘निश्चय’ किट फुकट मिळतं, नाहीतर मेडिकलमधून आण. पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाक, तेवढीच मिनिटं थांब. दुसरी रेघ फिकट आली तरी ती रेघच. उजेडात धरून मनाची समजूत घालू नकोस. एकच रेघ आली तरी डॉक्टरांकडे जायचंच आहे, कारण नळीतला गर्भ कधीकधी लघवीत लवकर सापडत नाही. रक्ताची बीटा एचसीजी आणि सोनोग्राफी केली की उलगडा होतो.

गर्भ नसला तर बहुधा दुधामुळे बिघडलेलं पाळीचं चक्र निघेल. थायरॉइडही बघून घेतील. पण तुझं सिझर झालंय, म्हणून आणखी एक सांगते. टाक्याच्या जागी पिशवीच्या आतून कधीकधी खळगा राहतो. पाळीचं रक्त त्यात साठतं आणि पाळी संपल्यावरही तपकिरी डाग पडत राहतात. तेव्हा सोनोग्राफीला गेलीस की सिझर झाल्याचं आपणहून सांग. गर्भ राहिला असेल तर तो त्या टाक्याच्या जागी रुजलेला नाही ना, हेही बघावं लागतं. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, तोही सांग. गर्भ असताना रक्त गेलं आणि गरज वाटली तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत देतात. मेडिकलमधून पाळी थांबवायच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नकोस.

आता घाईबद्दल. मूल झाल्यापासून पुढचे दिवस राहीपर्यंत किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पस्तिशीतल्या बाईला डॉक्टर थोडी सूट देतात, पण सिझरच्या टाक्याला तुझं वय कळत नाही. त्यात बाळंतपणात तुझं हिमोग्लोबिन ९ वर आलं होतं. ते आधी तपास. या रक्ताचं कारण कळेपर्यंत निरोध वापरा, हे जावईबापूंनाही सांग. लाजायचं काही कारण नाही.

एका कुशीत दुखलं, खांदा दुखायला लागला, चक्कर आली किंवा तासाभरात पॅड भिजलं, तर रात्र असो की दिवस, १०८ ला फोन करून निघ. ताप आला किंवा स्रावाला घाण वास आला तरी त्याच दिवशी दाखव.

बाळंतपणाची फाइल बरोबर घे. तपासून आलीस की मला फोन कर, मेसेज नको.

तुझी,
सुमामावशी