पाकिटावरचा शिक्का

आमच्या घरी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या तळाशी आजोबांचे एक पत्र पाकिटासह जपून ठेवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजोबा फौजेत होते आणि हे पत्र त्यांनी परमुलखातून आजीला धाडले होते. पाकिटाची एक कड फोडून ती पुन्हा कागदी पट्टीने चिकटवलेली आहे. त्या पट्टीवर 'तपासनिसाने उघडले' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले असून शेजारी त्या तपासनिसाचा क्रमांकही आहे. आतल्या पत्रातील दोन ओळी काळ्या शाईने पुसून टाकल्या आहेत. लहानपणी मी तो कागद खिडकीपाशी उजेडात धरून त्या ओळी वाचण्याची पुष्कळ खटपट करीत असे. परंतु त्या कधीच वाचता आल्या नाहीत. आजी म्हणे, "काय लिहिले होते ते नाही कळले; पण कोणी तरी पुसले आहे, एवढे तर कळले!" तिच्या या बोलण्याचा अर्थ मला चाळिशी उलटल्यावर उमगला. तो कसा उमगला, हेच आज विद्यार्थ्यांना व त्यांच्या आईबापांना सांगावयाचे आहे.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. लोणावळ्याचा पाऊस तुम्हांस ठाऊकच आहे. व्हरांड्यात धुके शिरले होते, आणि शेवटच्या तासाला वर्गात दिवे लावूनही फळा दिसत नव्हता. आमच्या शाळेतील संगणकाच्या खोलीची देखरेख माझ्याकडे आहे. त्या खोलीत इंटरनेट आले तेव्हा पालकांच्या सभेत एका गृहस्थांनी कळकळीने म्हटले होते, "सर, आम्हांला यातले काही कळत नाही. पोरे काय वाटेल ते पाहतील. तुम्ही त्याला कुलूप घाला." त्यांची काळजी रास्त होती आणि मी कुलूप घातले. हे कुलूप म्हणजे एक प्रकारची चाळणी असते. मुलांनी मागितलेल्या पानावर वर्ज्य शब्दांपैकी एखादा आढळला की ते पान पडद्यावर येतच नाही. ते वर्ज्य शब्द कोणते, याची यादी एका शनिवारी दुपारी मी स्वतः केली. शरीराच्या अवयवांची नावे तीत भराभर लिहून टाकताना मी क्षणभरही थांबलो नाही.

त्या दिवशी नववीतील एक मुलगी एकटीच संगणकापाशी बसली होती. ती नाणे मावळातील एका वाडीवरून येते. तिच्या आजीच्या छातीत गाठ आली होती. म्हातारीने ती लाजेपोटी कित्येक महिने कोणाला दाखविली नव्हती. नातीच्या दृष्टीस पडली तेव्हा "कोणाला सांगू नकोस" म्हणून तिला शपथ घातली होती. अशी गाठ कशाची असते आणि कोणत्या डॉक्टरांकडे जावे, हे त्या पोरीला जाणून घ्यावयाचे होते. तिने तीनदा शब्द टिपले व तिन्ही वेळा पडद्यावर एकच ओळ उमटली : हे पान उपलब्ध नाही. हा सर्व प्रकार मला मागाहून समजला. त्या वेळी तिने एवढेच विचारले, "सर, हे कोणी बंद केले आहे?"

पडद्यावरचा शब्द मी पाहिला आणि तो माझ्याच यादीतला आहे हे ओळखले. परंतु एका मुलीपुढे त्या विषयावर बोलण्याचा मला संकोच वाटला, आणि आपली चूक कबूल करण्याचाही वाटला. मी म्हणालो, "ते वरून बंद आहे, बाळ."

तिने मान हलविली, दप्तर उचलले व ती पावसात निघून गेली. तिने माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

'वरून' हा शब्द मोठा सोयीचा आहे. कचेरीतला कारकून तो वापरतो, शिपाई वापरतो आणि वेळ आली की मास्तरही वापरतो. वर कोण आहे हे कोणी विचारीत नाही आणि वर जाण्याचा जिना कोणाला ठाऊक नसतो. त्या रात्री मला वाटले की, आज आपल्या देशात इंटरनेटवरील बंदीविषयी जो मोठा वाद चालू आहे त्याचे मर्म याच एका शब्दात साठविलेले आहे.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० साली झाला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन ६६-अ व ६९-अ अशी दोन कलमे आली. पहिल्या कलमाची ओळख महाराष्ट्रास पालघर येथे झाली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले व मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयी शंका व्यक्त करणारा मजकूर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो आवडल्याची खूण केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. पुढे त्यांच्यावरील प्रकरण बंद झाले. परंतु श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केले. त्या कलमान्वये 'त्रासदायक' मजकुरास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. परंतु कशाला त्रासदायक म्हणावे, याची मर्यादाच कोठे आखलेली नव्हती. अशा यादीत कोणताही शब्द बसतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

दुसरे कलम, ६९-अ, मात्र त्याच निकालाने कायम ठेवले. त्यान्वये देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकारला इंटरनेटवरील मजकूर बंद करविता येतो. कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि समितीपुढे विचार व्हावा लागतो, म्हणून न्यायालयाने ते मान्य केले. परंतु याच कलमाखाली २००९ साली केलेल्या नियमांत असेही आहे की, आलेली तक्रार व तिच्यावर झालेली कार्यवाही गुप्त राखावी. हुकूम इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांकडे जातो. टपाल कचेरीत पत्ता पाहून पाकीट बाजूला काढावे, तशी कंपनी त्या स्थळाची वाट बंद करते. वाचकाला कधी सरकारी आदेशाची पाटी दिसते, तर कधी नुसता कोरा पडदा. कारण लिहिलेले असते, पण ते कपाटात असते. माझ्या आजीच्या भाषेत सांगावयाचे तर, पुष्कळदा पाकिटावर शिक्काच नसतो.

शिक्का नसला म्हणजे काय होते, हे २०१५ सालच्याच एका प्रसंगावरून दिसेल. त्या वर्षी ३१ जुलै रोजी सरकारने ८५७ स्थळे अश्लील म्हणून बंद करण्याचा हुकूम काढला. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु त्या यादीत निव्वळ विनोदाचे स्थळही सापडले. देशभर वाद माजला आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात सरकारला तो हुकूम बराचसा मागे घ्यावा लागला. यादी लोकांसमोर आली म्हणूनच तिच्यातील चूक दिसली, हे विसरू नये. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने नियम केला की, सरकारी कारभाराविषयी इंटरनेटवरील कोणती माहिती खोटी, हे सरकारनेच नेमलेल्या शाखेने ठरवावे. मुंबई उच्च न्यायालयात प्रथम दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. आपल्याच उत्तरपत्रिकेवर आपणच गुण द्यावेत, ही रीत कोणत्याही शाळेत चालत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग सारी दारे सताड उघडी टाकावी काय? मी तसे म्हणत नाही. बालकांच्या छळाची चित्रे, पोरांना नादी लावणारा पैशांचा जुगार, भोळ्या माणसांस लुबाडणारी खोटी दुकाने, यांना आळा घातलाच पाहिजे. आमच्या खोलीचे कुलूप मी काढलेले नाही आणि काढणारही नाही. माझे म्हणणे एवढेच की, कुलूप घालणाराने आपले नाव व आपले कारण दारावर लिहावे, आणि दार ठोठावणारास उत्तर द्यावे. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात सांगितले की, इंटरनेट बंद ठेवण्याचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला त्याची झळ पोहोचेल त्याला दाद मागता येईल.

आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. आमच्याच डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूस जाते. तेथे तुकोबांच्या अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या व तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. वह्या तरल्याची कथा आपण सर्व जण सांगतो. परंतु तिचा उत्तरार्ध मला अलीकडे अधिक मोलाचा वाटू लागला आहे. वह्या बुडवावयास लावणारे रामेश्वर भट्ट हे वाघोलीचे होते, हे सर्वांस ठाऊक होते. आणि तेच रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. बंदी घालणाराचे नाव ठाऊक होते, म्हणून त्याचा पालटही लोकांना पाहता आला. ज्या हाताला नाव आहे त्यालाच पश्चात्ताप करता येतो. 'वरून' या शब्दाला कधी पश्चात्ताप झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर मी त्या मुलीला बोलाविले. विज्ञान शिकविणाऱ्या बाईंनाही सोबत घेतले. मी म्हणालो, "काल मी तुला खरे सांगितले नाही. ते पान वरून बंद नव्हते. मी बंद केले होते."

ती काही वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग सर, तुम्हीच उघडाल ना?"

रागाचा एक शब्दही तिने काढला नाही. परंतु तिच्या त्या साध्या प्रश्नाने मला जितके शरमिंदे केले तितके कोणत्याही रागाने केले नसते. मी तो शब्द यादीतून काढला. बाईंनी तिच्याजवळ बसून ती माहिती वाचली. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, परंतु प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे, असे तीत होते. तेव्हा कोठे तिने आजीची गोष्ट सांगितली. शपथ मोडल्याबद्दल ती रडली. त्याच आठवड्यात आजीला पुण्यास नेले. गाठ साधी नव्हती. उपचार चालू आहेत व म्हातारीला उतार पडत आहे. मध्ये गेलेल्या एका दिवसाने काही बिघडले नाही, हा देवाचा धावा ऐकल्यासारखाच प्रकार. परंतु मी होऊन बोलाविले नसते तर ती मुलगी पुन्हा विचारावयास आली असती काय? वर जाऊन कोण विचारतो?

आता संगणकाच्या खोलीच्या दारावर एक कागद लावलेला आहे. काय बंद आहे, कशासाठी बंद आहे व कोणी बंद केले, हे त्यावर लिहून खाली माझी सही आहे. शेजारी दोरीला एक वही टांगली आहे. ज्याला एखादे पान उघडून हवे असेल त्याने तीत लिहावे. ज्याला मोठ्याने सांगणे अवघड असेल त्याने चिठ्ठी बाईंकडे द्यावी. उत्तर तीन दिवसांत सकारण मिळते. दहावीच्या विज्ञानातील प्रजननाचा धडा माझ्या चाळणीत अडकला होता, तो असाच मोकळा झाला. पैसे लावून खेळावयाचा एक खेळ मागण्यात आला. तो मी नाकारला व का नाकारला तेही लिहिले. मागणाऱ्या मुलाने खाली लिहिले, "कारण पटले नाही, पण कळले." याहून चांगला अभिप्राय माझ्या नोकरीत मला क्वचित मिळाला असेल.

पालकहो, मुलांच्या वाटेवर कुलूप घालणे हे आपले कर्तव्य कधी कधी असते. परंतु ते घालताना त्यांच्या समोर घाला आणि किल्ली कोणाकडे आहे हे सांगा. मुलांनो, पडदा कोरा दिसला तर नुसते परत फिरू नका. हे कोणी बंद केले, असे विनयाने पण स्पष्ट विचारा. आणि उद्या तुम्ही तलाठी, फौजदार, न्यायाधीश किंवा मास्तर झालात व दुसऱ्याचा मजकूर खोडण्याची पाळी तुमच्यावर आली, तर त्याखाली स्वतःची सही करण्यास कचरू नका. सही करावयास हात धजत नसेल तर ती ओळ खोडण्याजोगी नाही, असे समजा.

आजोबांच्या त्या दोन ओळी मला अजून वाचता आलेल्या नाहीत. पण पाकिटावरची ती पट्टी मी आता पूर्वीपेक्षा अधिक आदराने पाहतो.